उरलेला कागद

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या मामांच्या घरी, जेवणाचं टेबल दोनदा कोरडं पुसून मी त्यावर कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवल्या. कागद 41 इंच रुंद, जवळपास तेवढाच उंच. खाली नदी, नदीत कोसळलेला रेल्वेपूल आणि वरून लोंबकळणारे एका बाईचे पाय. तपकिरी बूट, वाऱ्यानं एका अंगाला गेलेला स्कर्ट. कमरेशी कागद संपतो. खालच्या काठाजवळ 'एपिसोड 7' आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत क्लीव्हलँडच्या एका लिथो कंपनीचं नाव.

मूक चित्रपटांच्या काळातल्या कुठल्याशा साहसमालिकेचं हे पोस्टर. मालिकेचं नाव आणि नायिकेचा चेहरा वरच्या तुकड्यावर होते. तो तुकडा माझ्याकडे नाही.

मी क्लीव्हलँडला राहते आणि अशी पोस्टरं जमवते. मामांनी सारा जन्म ऑफसेट मशीनवर काढला. त्यांचे वडील, आमचे अण्णा, गिरगावात एका शिळाछापखान्यात होते. तेव्हा या कागदावर मामांचं मत घ्यायला मी तो नळीत गुंडाळून सातासमुद्रापार आणला होता. मत मिळालं. मला हवं होतं ते मात्र नाही.

मामा: केवढ्याला घेतलंस?

मी: ते नंतर विचारा.

मामा: म्हणजे महाग. अर्ध्या बाईचे पूर्ण पैसे. बरं, सिनेमा तरी बघितलास का?

मी: कुठला ते कळल्याशिवाय कसा बघणार? आणि कळलं तरी बघायला मिळेलच असं नाही. अमेरिकेत 1912 ते 1929 या काळात जवळपास 10,900 मूक कथापट निघाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालाप्रमाणे त्यांतले मूळ रूपात 14 टक्केच उरलेत. मालिकांचं नशीबही काही निराळं नाही. 'पेरिल्स ऑफ पॉलिन' 1914 ची, वीस भागांची. आज आपण बघतो ती युरोपसाठी कापून नऊ भागांत बसवलेली. 'मिलियन डॉलर मिस्टरी' त्याच वर्षीची, तेवीस भागांची. ती हरवलेल्यांत जमा. नायट्रेटची फिल्म. एकतर पेटायची, नाहीतर चिकट होऊन तिची भुकटी व्हायची. त्यातून वाचली तर चांदीसाठी वितळवायचे.

मामा: मग तू लग्नाची पत्रिका जपून ठेवलीस. लग्न लागलं की मोडलं, पत्ता नाही.

मी: पत्रिका एकदाच छापतात. हे दर आठवड्याला नवं असायचं. मालिका निघाल्या त्याच मुळी वाचक ओढायला. 1912 मध्ये एडिसन कंपनीनं 'व्हॉट हॅपन्ड टू मेरी' काढली, ती एका महिला मासिकाच्या जोडीनं. मासिकात गोष्ट वाचायची, थिएटरात बघायची. पुढच्या वर्षी 'ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' आली, ती 'शिकागो ट्रिब्यून'बरोबर. ती तर आपल्याकडचीच. हिंदुस्थानातल्या 'अल्लाहा' संस्थानात घडते.

मामा: हे संस्थान कुठं आलं?

मी: कंपनीच्या डोक्यात. वाघ-सिंह मात्र खरे, सेलिग कंपनीच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहालयातले. मुद्दा असा की नवा भाग आला की नवं पोस्टर आलंच. एक तावाचं 27 बाय 41 इंच. तीन तावांचं त्याच्या तिप्पट, दोन-तीन तुकड्यांत छापायचं आणि भिंतीवर जोडायचं. सहा तावांचं पावणेसात फूट चौरस. 'हॅझर्ड्स ऑफ हेलन' नावाची रेल्वेतल्या तारबाबूणीची मालिका 1914 ते 1917 चालली. तिचे 119 भाग झाले.

मामा: एकशे एकोणीस! छापखान्याला दोन वर्षं बघायला नको. पण जरा हिशेब धर. भागागणिक तीन आकार, आकारागणिक पाच-सहा रंग, रंगागणिक एक शिळा, आणि तीन तावांचं असलं की तुकड्यागणिक पुन्हा वेगळ्या. आठवडा संपायच्या आत शिळा घासून दुसऱ्या भागासाठी तयार. आमचे अण्णा हेच करत. जर्मनीहून आलेला चुनखडीचा दगड. दोन दगड एकमेकांवर, मध्ये वाळू नि पाणी, आणि घासत राहायचं, आधीचं चित्र जाईपर्यंत. तू मघापासून 'ओरिजिनल, ओरिजिनल' म्हणतेस. ओरिजिनल त्या दगडावर होतं आणि ते अण्णांसारख्या कुणीतरी घासून टाकलं. तुझ्याकडं आहे ती हजारातली एक छाप.

मी: हजारातली, पण त्याच दगडावरून उचललेली. हा फरक मी पैसे मोजून शिकलेय. माझी पहिली खरेदी होती एक तावाचं पोस्टर. विकणाऱ्यानं 'जुन्या थिएटरच्या माळ्यावर सापडलं' म्हणून सांगितलं. कागद पिवळा, घड्या जुन्या. घरी आणून भिंग लावलं तर नायिकेच्या गालावर ठिपक्यांची फुलं, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, सगळे ओळीत. अलीकडचं ऑफसेट. पिवळेपणा बहुधा चहाचा.

मामा: (हसत) माझ्याच धंद्यानं फसवलं तुला.

मी: आता हे बघा.

मी भिंग दिलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बुटाच्या टाचेवर नजर लावली. मिनिटभर बोलले नाहीत.

मामा: हं. हा खडूचा दाणा. दगडाच्या खरखरीवर तेलकट खडू फिरला की असा येतो, उन्हातल्या वाळूसारखा. ठिपका ठिपक्यासारखा नाही. तपकिरी हा वेगळा रंग नाही, पिवळ्यावर लाल नि वर काळ्याचा हात. आणि लाल शिळा केसभर उजवीकडं सरकलीय, बुटाच्या कडेला रेघ दिसते बघ. घाईत छापलंय. ज्यानं हा बूट काढला त्याला चामडं माहीत होतं. कोण तो?

मी: माहीत नाही. सही नाही. क्लीव्हलँडला तेव्हा ओटिस आणि मॉर्गन अशा मोठ्या लिथो कंपन्या होत्या. त्यांच्याकडे पगारी चित्रकार असत. कंपनीचं नाव काठावर येई, त्यांचं नाही.

मामा: हेच माझं भांडण आहे बघ. तुमच्या बाजारात नाव कुणाचं चालतं? नटीचं. काढणारा कुणी नाही, छापणारा कुणी नाही.

मी: चित्रकाराचं नावही चालतं, क्वचित. 'मेट्रोपोलिस'चं 1927 चं जर्मन पोस्टर हाइन्त्स शुल्त्स-नॉयडाम या चित्रकाराचं म्हणूनच ओळखतात. 2005 मध्ये लंडनला ते 6,90,000 डॉलरला गेलं.

मामा: हजारात एक. बाकीचे अण्णांच्या पंगतीला. आणि ही लोंबकळतेय ती तरी नटीच कशावरून?

मी: मामा, तुम्ही नेमकी दुखरी नस दाबलीत. पर्ल व्हाईट, पॉलिनचं काम करणारी. बऱ्याच उड्या ती स्वतः मारायची, पाठ दुखावून घेतली होती तिनं. कंपनीची जाहिरात अशी की सगळंच ती स्वतः करते. 1922 मध्ये न्यूयॉर्कला तिच्याच 'प्लंडर' मालिकेचं चित्रण चाललं होतं. बसच्या टपावरून, रस्त्याच्या वरून जाणाऱ्या रेल्वेच्या तुळईला उडी मारून लटकायचं होतं. उडी मारली जॉन स्टीव्हन्सन नावाच्या पुरुषानं, तिचा वेष करून. तुळई हातातून सुटली. तो गेला.

मामा: पोस्टरवर त्याचं नाव?

मी: पोस्टरवर तीच.

मामा: म्हणजे खोटं सांगणारा कागद. तोही सोन्याच्या भावानं.

मी: खोटं नाही म्हणणार मी. आधी सांगितलेलं म्हणेन. पोस्टर काढणाऱ्यापुढे बहुधा चार छायाचित्रं आणि गोष्टीचा गोषवारा. बाई पडते की वाचते हे सांगायचं नाही, पाय लोंबकळत ठेवायचे. याचा कळस फ्रान्समध्ये झाला. 1915 च्या नोव्हेंबरात, महायुद्ध चालू असताना, गोमाँ कंपनीनं 'ले व्हांपीर' आणली, दिग्दर्शक फ्यूयादची, दहा भागांची. तिकडे पाथे कंपनी पर्ल व्हाईटची मालिका पॅरिसला आणणार होती. तिच्या आधी गाठायचं होतं. पॅरिसच्या भिंतींवर पोस्टर लागलं: तीन बुरखेवाले चेहरे, त्यांच्याभोवती फासासारखं प्रश्नचिन्ह, आणि कोण? काय? कधी? कुठे? असे प्रश्न. बास. त्या शहरात त्या वर्षी हे प्रश्न घरोघरी दुसऱ्याच कारणासाठी विचारले जात असणार.

मामा: (थोडं थांबून) हे बरं केलं त्यांनी. पण तेही आठवड्यासाठीच. पोरी, जाहिरातीचं आयुष्य भाजीसारखं असतं. इथं पोस्टरं लावणारे मैद्याची खळ करायचे, त्यात मोरचूद घालायचे, घुशी खाऊ नयेत म्हणून. का? तर शुक्रवारपर्यंत टिकावं. त्यापुढं घुशीचं राज्य. कागदानं आपलं काम केलं, संपला. तू शिळी भाजी फ्रीजमध्ये ठेवून वर म्हणतेस, बघा कशी दुर्मिळ.

मी: मग बाबूराव पेंटरांच्या पोस्टराबद्दल असं म्हणाल? 'कल्याण खजिना', 1924. हातात असलेलं आपल्याकडचं सर्वांत जुनं सिनेमाचं पोस्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. याच गावातलं.

मामा: त्यांची गोष्ट वेगळी. ते बाबूराव.

मी: बघा, नाव आलं की तुमचीही भाजी ताजी झाली.

मामा हसले नाहीत, पण वाटी उचलून त्यांनी पुन्हा नीट ठेवली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांवरून वाद घालून कुणी जिंकत नाही. मीही तिथे थांबले.

मी: आपले तेराशेच्या आसपास मूकपट झाले. पूर्ण-अपूर्ण धरून उरले त्यांची संख्या तिसाच्याही आत. आणि या अमेरिकन मालिका मुंबईत तुफान चालायच्या. निर्माते जे. बी. एच. वाडिया त्या बघत मोठे झाले, त्यातून 1935 ची 'हंटरवाली' आणि तिची नायिका नादिया. मुंबईच्या भिंतींवर पर्ल व्हाईट किती वेळा लटकली असेल, तिचा एखादा तरी कागद इथे कुणी ठेवायला हवा होता की नाही?

मामा: अण्णा त्या मालिकांतल्या एडी पोलोचं नाव घ्यायचे. गिरगावातली पोरं म्हणे त्याच्या उड्या मारून हातपाय मोडून घ्यायची. पण त्यांनी त्याचं पोस्टर ठेवलं नाही. स्वतः छापलेलंही ठेवलं नाही. देवांचे, राजांचे, साबणाचे, काडेपेटीचे, काय काय छापलं आयुष्यभर. घरात एक कपटा नाही. का सांगू? गरज वाटली नाही. गल्लीबोळातनं फिरलं की दिसायचंच.

मी: आता दिसत नाही.

मामा: आता अण्णाही दिसत नाहीत.

यावर मला बोलता आलं नाही. मामांनीच कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि उलटा करून उजेडात धरला. मागची बाजू कोरी, जुन्या साईसारखी. घड्यांच्या रेषा उभ्या-आडव्या. त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूनं कागदावरून हात फिरवला. मशीनवाले ओल बघतात तसा.

मामा: हा भिंतीवर लागलेलाच नाही.

मी: कशावरून?

मामा: खळीचा ओरखडा नाही, पापुद्रा नाही. टाचणीचं भोक नाही. नुसती घडी. घडी घातली ती पाठवायला, आणि नंतर उलगडलीच नाही कुणी. वरचा तुकडा कुठं गेला देव जाणे. जोडी तुटल्यावर हा कुणाला उपयोगाचा? ठेवून दिला असेल कुणीतरी कोपऱ्यात. आता मला सांग, तुमच्या संग्रहांतले असे किती?

मी: (जरा वेळानं) बरेच. मशीनवरून उतरलेले आणि गठ्ठ्यातच राहिलेले. थिएटरांना पोस्टरं भाड्यानंही मिळायची, वापरून परत पाठवायची, पुढच्या गावाला जायची. ती फाटेपर्यंत फिरली. उरलेल्या गठ्ठ्यांतले कितीतरी दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमेत गेले.

मामा: म्हणजे जे कामाला गेले ते झिजून संपले. जे बसून राहिले ते तुमच्याकडं येऊन राजे झाले. आपल्यात असा माणूस असला तर त्याला काय म्हणतात?

मी: सगळे तसे नाहीत. पेनसिल्व्हेनियात बर्विक म्हणून गाव आहे. तिथल्या एका माळ्यावर पोस्टरांचा जाड थर सापडला. 1930-31 ची, एकावर एक खळीनं चिकटवलेली. या आठवड्याचं गेल्या आठवड्यावर, त्यावर पुढचं. वाफेनं एकेक सोडवलं. तेहतीस निघाली. 2012 मध्ये लिलावात पाच लाख डॉलरवर गेली. ती सगळी कामावरची होती, मामा.

मामा: एकमेकांखाली गाडली म्हणून वाचली. म्हणजे पुढच्या सिनेमाची जाहिरात झाली म्हणून मागच्याची राहिली. हे मला पटलं. हा खरा संग्रह. पैसे न देता भिंतीनं केलेला.

मी: आणि 'लंडन आफ्टर मिडनाईट', 1927. ती मालिका नव्हे, पूर्ण चित्रपट. त्याची शेवटची प्रत 1965 च्या आगीत गेली असं मानतात. त्याचं एक पोस्टर 2014 मध्ये 4,78,000 डॉलरला गेलं. चित्रपट नाही, पोस्टर आहे. तो कागद कामाला लागला असो नसो, त्याला आता दुसरंच काम लागलंय. 'असं काहीतरी होतं' एवढं सांगायचं काम. माझा हाही तेच करतो. आठवड्याला भाग निघत होते, सातवाही निघाला होता, एक बाई नदीवर लटकत होती, आणि ती वाचली की नाही हे बघायला माणसं परत आली होती. याला मी पैसे मोजले.

मामा: ठीक. आता तरी आकडा सांग.

मी सांगितला. मामांनी तो रुपयांत केला, मग आपल्या पहिल्या पगारानं भागला, आणि भागाकार मनातच ठेवला. मग माझ्या हातातला कागद मागितला, क्लीव्हलँडच्या दुरुस्तीवाल्यानं दिलेला कामाचा अंदाज. तीन कलमं होती. एक: मागून जपानी कागद लावून, गव्हाच्या खळीनं कापडावर चढवणे. दोन: वरची फाटकी कड सांधून रंग भरणे. तीन: उजव्या काठावरचा काळा डाग काढणे.

मामा: खळ आलीच म्हणायची शेवटी. पहिलं कर. घडीवर कागद कच्चा झालाय, आणखी दहा वेळा उघडलास तर चार तुकडे होतील. खळ पाण्यानं परत सुटते, त्यात वाईट काही नाही. दुसरं?

मी: सांधायचं, पण रंग भरायचा नाही. फाटलंय तर फाटलेलं दिसू दे. बाजारात रंग भरलेल्याला किंमत जास्त येते, पण मग तो अर्धा आज काढलेला झाला.

मामा: इथं तुझं-माझं जमत नाही. ठेवायचाच तर छापणाऱ्याच्या मनात होता तसा ठेव. कुठला कारागीर फाटक्या कामावर खूष होईल? आता तिसरं. हा डाग.

भिंग पुन्हा खाली गेलं. उजव्या काठाच्या पांढऱ्या पट्ट्यात, चिंचोक्याएवढा. मी तो शंभरदा पाहिला होता आणि दरवेळी 'मळ' म्हणून सोडून दिला होता.

मामा: हा मळ नाही. छपाईची शाई आहे, काळी. काळी शिळा शेवटची, म्हणजे ताव अखेरच्या फेरीतनं बाहेर येताना. आणि ही बघ, वळणं.

बारीक, एकात एक, कमानीसारख्या रेषा होत्या. अर्ध्या पुसलेल्या.

मी: अंगठा!

मामा: ताव उचलणाऱ्याचा. ओला ताव दोन्ही काठांना धरून उचलायचा आणि सपाट नेऊन ठेवायचा. हात पुसायचा राहिला असेल. पोरगा असेल नवा. त्या दिवशी बोलणी खाल्ली असणार त्यानं.

मी: मामा, तुम्हीच मघापासून विचारत होतात, छापणाऱ्याचं नाव कुठंय म्हणून. ही सही आहे त्याची!

मामा: सही कसली? ही चूक आहे. अंगठा उठलेला ताव म्हणजे नापास. अण्णांनी एका अंगठ्यापायी अख्खा दिवस एका पोराशी अबोला धरलेला मी बघितलाय. असा ताव बाहेर जायचा नाही, बाजूला पडायचा. त्यामुळंच तर वाचला असेल हा. नापास झाला, म्हणून गठ्ठ्यात गेला नाही, म्हणून भिंतीवर गेला नाही, म्हणून आज या टेबलावर.

मी पेन घेतलं आणि तिसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली. मामांनी ती रेघ बघितली.

मामा: अण्णा असते तर ताव तिथल्या तिथं फाडला असता.

मी: म्हणून तर त्यांचा एकही उरला नाही.

मामांनी भिंग पुसलं, घडी केलेल्या रुमालात ठेवलं. मग एकेक करत चारही वाट्या उचलल्या. कागद आपोआप गुंडाळत माझ्याकडे आला, बुटांपासून नदीपर्यंत.

मामा: उरला नाही, कारण त्यांचे सगळे भिंतीवर गेले.